आधी अण्णांकडे जा

मावशी, ख्रिस्तात सप्रेम सलाम.

मी मूळचा नेवासे तालुक्यातला. आयटीआय करून नऊ वर्षांपूर्वी चाकणला आलो आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो. दीड वर्षापूर्वी लाइन लीडर झालो. हाताखाली अकरा जण आहेत, त्यात चार ट्रेनी. आमच्या शेडमध्ये ख्रिस्ती मी एकटाच.

यंदा खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. मी दरवर्षी बाजूला उभा राहतो. आमच्यातले सगळ्यात जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते कुंकवाचं ताट आणि प्रसाद घेऊन माझ्यापर्यंत आले. मी नुसती मान हलवली. तेवढ्यात मागून एक पोरगा म्हणाला, "बाटल्यावर प्रसादसुद्धा चालत नाही वाटतं." माझा तोल गेला. सगळ्यांसमोर बोलून बसलो, "नारळ फोडून मशीन चालत असतं तर मेंटेनन्सवाल्यांना पगार कशाला दिला असता?" बोललो त्या पोराला, पण समोर ताट घेऊन अण्णा उभे होते. ते काही बोलले नाहीत. ताट घेऊन वळले. त्या दिवसापासून जेवायला माझ्या टेबलावर बसत नाहीत. मी नवीन होतो तेव्हा खोलीवर स्वयंपाकाची सोय नव्हती, तेव्हा चार महिने अण्णांनी त्यांच्या डब्यातली भाकरी मला दिली आहे.

दुसरं असं की, आमच्या मंडळीत दर रविवारी विचारतात, या आठवड्यात किती जणांना सुवार्ता सांगितली? म्हणून मी शिफ्टमध्ये एका ट्रेनीला नवा करार दिला. त्याने घेतला, पण कुणीतरी एचआरला कळवलं आणि मला बोलावून समज दिली. लाइनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रोज सकाळी एक वचन टाकतो, त्यावर आता कुणी अंगठाही दाखवत नाही. रविवारी उपासनेला जाता यावं म्हणून मी शिफ्ट बदलून घेतो, तेही काहींना खुपतंय.

भीती एकच वाटते. माझ्याकडे बघून ही माणसं येशूपासून आणखी लांब जात असतील तर? मी त्याचा नमुना म्हणून तिथे आहे, आणि नमुनाच नापास झाला आहे.

चाकणचा एक वाचक

बाळा, सलाम.

तू बरंच काही विचारलं आहेस, पण पत्र वाचताना माझं मन एकाच ठिकाणी अडकलं, ताट घेऊन वळलेल्या अण्णांपाशी. बाकीच्याकडे येते. आधी तू अण्णांकडे जा.

उद्याच जा. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की वेदीपाशी दान घेऊन उभा असताना भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, जाऊन आधी समेट कर, मग ये. हे वाचताना आपण 'भाऊ' म्हणजे मंडळीतलाच कुणी असं धरून चालतो. ज्याने चार महिने आपल्यातली अर्धी भाकरी काढून दिली, त्याला भाऊ म्हणायला आणखी काय लागतं?

शिफ्ट सुरू व्हायच्या आधी त्यांना लॉकरपाशी किंवा गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर गाठ. मेसेज लिहू नकोस. मिठाईचा पुडाही नेऊ नकोस. पुडा पुढे केला की समोरच्याला तो घ्यावाच लागतो, आणि घेतला की माफ केल्यासारखं होतं. ती बळजबरी त्यांच्यावर नको. एवढंच म्हण, "अण्णा, त्या दिवशी तुम्ही आपलेपणाने ताट घेऊन आलात आणि मी सगळ्यांसमोर तुमच्या पूजेची टिंगल केली. माझं चुकलं." मग गप्प राहा. "पण त्याने मला बाटगा म्हटलं" हे त्यात येऊ देऊ नकोस. त्या पोराचं चुकलंच आहे, पण तो हिशेब अण्णांच्या खात्यावर कशाला? तू पूजा का करत नाहीस हेही त्या वेळी समजावत बसू नकोस. अण्णांना ते नऊ वर्षांपासून ठाऊक आहे, तरीही ते ताट घेऊन तुझ्यापर्यंत आले होते.

अपमान दहा-बारा जणांसमोर झाला, तेव्हा माफीही त्यांच्या कानावर पडली पाहिजे. सकाळच्या मीटिंगमध्ये टार्गेट सांगायच्या आधी दोन वाक्यांत सांगून टाक. फक्त अण्णांना आधी विचार. चारचौघांत तो विषय पुन्हा निघायला नको असं त्यांना वाटलं, तर राहू दे.

हे मी तुला अधिकाराने सांगत नाही, कारण मला स्वतःला ते फार उशिरा कळलं. १९८७ साली मी एका शाळेत नवीन लागले होते. संक्रांतीनंतर स्टाफरूममध्ये एका बाईंनी मला हळदीकुंकवाचं बोलावणं केलं. मी म्हणाले, "आमच्यात असलं काही चालत नाही." मला वाटलं, मी माझ्या विश्वासाला जागले. बाईंनी हसून विषय बदलला. पुढे त्यांनी मला कधी कशालाच बोलावलं नाही, मुलाच्या बारशालाही नाही. चार वर्षांनी त्यांचे यजमान दवाखान्यात होते, तेव्हा एका रात्री मी सोबतीला थांबले होते. मध्यरात्री थर्मासमधला चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या, "तुम्ही आला नाहीत त्याचं मला काही नव्हतं हो. तुम्ही 'असलं' म्हणालात." कप माझ्या हातात तसाच राहिला. मला तो शब्द आठवतही नव्हता, आणि त्यांनी तो चार वर्षं मनात ठेवला होता. "मला येता येणार नाही, पण तुम्ही आठवणीने बोलावलंत, बरं वाटलं," एवढं म्हटलं असतं तर माझ्या विश्वासाला काय धक्का लागणार होता? त्या रात्री मी माफी मागितली. त्यांनी चहा प्यायला लावला.

करिंथच्या मंडळीत तुझ्याच प्रश्नावरून तट पडले होते. मूर्तीला वाहिलेलं मांस खावं की नाही? मूर्तीविषयी प्रेषित पौलाचं मत काय होतं ते त्याने त्यांना लिहिलेल्या पत्रात स्वच्छ आहे. तरी उत्तराला सुरुवात करताना तो म्हणतो, 'ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते.' मेंटेनन्सच्या पगाराचं तुझं वाक्य या फुगलेल्या ज्ञानातलं होतं. ते बरोबर होतं की चूक हा प्रश्नच नाही, त्याने माणूस दुखावला.

प्रसाद घ्यावा का, याचं एक उत्तर मी देणार नाही, कारण आपल्याच घराघरांत ते वेगळं आहे. काही घरांत शेजारून आलेला प्रसाद खाऊ म्हणून खातात, काही घरांत हातही लावत नाहीत. दोघंही पौलाचाच आधार देतात आणि दोघांनाही तो सापडतो. वाढलेलं चौकशी न करता खा, असं तो सांगतो आणि हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्याखातर खाऊ नका, असंही सांगतो. तुझं मन नको म्हणतं, तर घेऊ नकोस. पण नाही म्हणायची रीत शिक. नुसती मान हलवणं म्हणजे समोरच्याला उडवून लावणं. हात जोड, डोळ्यांत बघ आणि म्हण, "अण्णा, मला चालत नाही, राग मानू नका. तुम्ही माझ्यापर्यंत आलात, ते पोचलं."

अशा वेळी मला नामान आठवतो. अरामच्या राजाचा सेनापती, यार्देनेत सात बुड्या मारून कोडातून बरा झालेला. यापुढे परमेश्वराशिवाय कुणाला बली वाहणार नाही असं तो अलीशाला सांगतो आणि पाठोपाठ आपली अडचणही मांडतो. माझा धनी रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, त्याच्याबरोबर मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची मला क्षमा व्हावी. अलीशा त्याला झापत नाही की नियम ऐकवत नाही. शांतीने जा, म्हणतो. नोकरदार माणसाचा पेच ओळखणारा असा संदेष्टा आपल्या शास्त्रात आहे, याचा मला फार आधार वाटतो. आणि तुला तर कुणी वाकायलाही सांगितलेलं नाही. बाजूला उभं राहायची मोकळीक त्या शेडने तुला नऊ वर्षं दिली आहे, तिचेही तू आभार मानायला हवेस.

पुढच्या खंडेनवमीला आदल्या दिवशीच्या साफसफाईत सगळ्यांच्या आधी कॉटन वेस्ट हातात घे. मशीनखालचा चिप्सचा ट्रे ओढून काढणं, कूलंटचा तो वास मारणारा चिकट थर खरवडणं, ही कामं कुणालाच नको असतात. ती लीडरने करावीत. ज्या यंत्रावर अकरा घरांची चूल पेटते त्याची निगा राखायला तुझा विश्वास तुला अडवत नाही. वर्गणीचंही तसंच. द्यायची नसेल तर समोर उभं राहून नम्रपणे नाही म्हण. पावतीपुस्तक दिसलं की वाट बदलणारा माणूस सगळ्यांना दिसतो.

आता 'बाटल्यावर' म्हणणाऱ्या त्या पोराविषयी. तो शब्द कुठे लागतो ते मला माहीत आहे, माझ्या आजोबांनी तो गावच्या पाणवठ्यावर ऐकलेला आहे. पण त्याला अद्दल घडवू नकोस. रात्रपाळी कुणाच्या माथी मारायची हे लीडरच्या हातात असतं, म्हणून मुद्दाम बजावते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं सुमारे १० लाख ८० हजार निघाली, म्हणजे शंभरात पुरता एकसुद्धा नाही. त्या पोराने तुझ्याआधी ख्रिस्ती माणूस बहुतेक सिनेमातच पाहिला असेल, हातात बाटली धरून मोडकी हिंदी बोलणारा. त्याला चहाला ने आणि आपल्या भागाची गोष्ट सांग. पण सगळी सांग, सोयीची तेवढीच नको.

तुझ्या घराचं मला ठाऊक नाही, पण आपल्या नगर जिल्ह्याचं ठाऊक आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. सुरुवातीच्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं ख्रिस्ती झाली. महार-मांग वस्त्यांमधली कुटुंबं मोठ्या संख्येने आली ती १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर. 'पोटासाठी बाटले' हा टोमणा तिथला आहे. भूक होती, हे मान्य करून टाक. उपाशी माणसाने भाकरी देणाऱ्याचा हात धरला, त्यात लाज वाटावी असं काय आहे? ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं त्यांना कुणीतरी जवळ बसवलं, पोरांच्या हातात पाटी दिली. दुष्काळ सरला, धान्य थांबलं, आणि तरी ती घरं पुढे पिढ्यानपिढ्या उपासनेला येत राहिली, हेही त्याच गोष्टीत आहे. सवलतींसाठी झालात म्हणाला, तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाविषयी सांग. अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की त्याचं अनुसूचित जातीचं आरक्षण जातं. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या यादीत घेतलं, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. आपल्या कितीतरी हुशार पोरांनी हा तोटा निमूटपणे सोसला आहे. हे सांगताना आवाज चढू देऊ नकोस. माझा चढतो, म्हणून सांगते.

ट्रेनीला नवा करार दिलास, तिथे मी एचआरच्या बाजूने आहे. तुझं मन स्वच्छ होतं, ते मला दिसतंय. पण त्या पोराचं कन्फर्मेशन कुणाच्या रिपोर्टवर होणार? तुझ्याच ना? मग लीडरने पुढे केलेल्या पुस्तकाला तो नाही कसं म्हणेल? त्याने हात पुढे केला त्यात श्रद्धा किती आणि नोकरीची काळजी किती, हे तुला कधीच कळायचं नाही, आणि म्हणूनच ते द्यायचं नव्हतं.

पंडिता रमाबाईंना हाच प्रश्न भोवला होता. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. तिथे कुणाला ख्रिस्ती धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं ठेवत, आणि मुली येऊन बसत. त्यांचं म्हणणं, मी बोलावत नाही, पण माझं दार बंदही करणार नाही. १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ झाला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. रमाबाईंविषयी माझ्या मनात जितका आदर आहे तितका फार थोड्या माणसांविषयी आहे, आणि लपून काही न करण्याचा त्यांचा बाणा मला पटतो. तरीही इतकी वर्षं शिकवल्यावर मला वाटतं, आसरा देणाऱ्याचं उघडं दार आसऱ्याला आलेल्याला नुसतं दार वाटत नाही. माझ्या वर्गातली मुलं माझ्यासमोर कशालाही हो म्हणायची. म्हणून वर्गात मी येशूचं नाव माझ्याकडून कधी काढलं नाही. शाळा सोडून वीस वर्षं झालेली मुलं घरी येऊन विचारतात, तेव्हा मात्र तास तास बोलते.

कायद्याचंही माहीत असू दे. घटनेच्या २५ व्या कलमाने आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क तुला दिलेला आहे. तो कुणी काढून घेतलेला नाही, उगाच भेदरू नकोस. पण सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसार म्हणजे आपली शिकवण मांडणं. दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा कुणाचा हक्क नव्हे. त्या ट्रेनीला गाठून सांग, "पुस्तक हवं तर ठेव, नको तर परत दे, तुझ्या रिपोर्टशी त्याचा काही संबंध नाही. कामाच्या जागी मी ते द्यायला नको होतं." व्हॉट्सॲपवरचं वचनही बंद कर. तो ग्रुप टार्गेटचा आणि शिफ्टचा आहे, आणि ज्याला नको त्याला लीडरच्या ग्रुपमधून बाहेर पडता येत नाही.

मग सांगायचं कधी? कुणी विचारलं की. आणि विचारतात रे. बाप गेल्यावर, पोरगं आजारी पडल्यावर, रात्रपाळीला पहाटे तीनला चहा पिताना माणसं विचारतात. पेत्राचं पत्र काढ, पहिलं, तिसरा अध्याय. तुमच्या आशेविषयी विचारपूस करणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, असं सांगून तो पुढे म्हणतो, ते 'सौम्यतेने व भीडस्तपणाने' द्या. भीडस्तपणाने! समोरच्याची भीड बाळगून. आणि हे कोण लिहितो आहे? येशूला धरायला माणसं आली त्या रात्री त्याला वाचवायला तलवार उपसून त्यांच्यातल्या मल्ख नावाच्या दासाचा कान तोडणारा पेत्र. येशूने त्या रात्री पेत्राचे आभार मानले नाहीत, त्या दासाच्या कानाला हात लावून तो बरा केला. खंडेनवमीला तूही येशूच्या बाजूने तलवार काढलीस, आणि कान तुटला तो अण्णांचा. त्या रात्रीचा पेत्रच पुढे हे वाक्य लिहिण्याइतका बदलला, हे मी तुला धीर यावा म्हणून सांगते आहे.

विचारलं तर तुझ्यापुरतं बोल. तुझ्या आयुष्यात काय झालं, प्रार्थनेने तुला काय मिळालं, कुठे अजून अडतं. त्यांच्या देवांवर बोलायची तुला गरज नाही. कुणी दुःखात असेल तर त्याच्या दुःखाकडे संधी म्हणून बघू नकोस. दवाखान्यात जा, रक्त लागलं तर दे, बसून राहा. "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" असं विचारायला हरकत नाही. चालेल म्हणाले तर घरी जाऊन खरंच कर.

मंडळीतल्या मोजणीचं मला दुःख झालं. पाळकसाहेबांना भेट आणि सगळं सांग, एचआरने बोलावल्याचंही. त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण दर रविवारी आकडा द्यायचा म्हटलं की शनिवारी माणसं आकड्यासारखी दिसायला लागतात. त्यांना नारायण वामन टिळकांची आठवण करून दे, टिळकांची गीतं आपण दर रविवारी गातोच. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले, संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, आणि उतरण्यापूर्वी त्यांनी टिळकांना नवा करार दिला. ते गृहस्थ टिळकांचे वरिष्ठ नव्हते, टिळकांना नको असतं तर पुढच्या स्टेशनवर पुस्तक बाकावर सोडता आलं असतं. टिळकांनी वाचीन असा शब्द दिला होता म्हणून वाचलं, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थांचं नाव टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही, कुठल्या मंडळीच्या वहीत ती नोंद झाली असेल असं मला वाटत नाही. आणि टिळकांच्या स्वतःच्या घरात? लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, मधे पाच वर्षं गेली. त्या आल्या त्या स्वतःच्या विचाराने, सोवळं-ओवळं स्वतःच्या मनाशी झगडून टाकल्यावर. नवरा महाराष्ट्राचा एवढा कवी, आणि त्यालाही ही वाट बघावीच लागली.

रविवारच्या शिफ्टचं तू एका ओळीत उरकलंस, पण मला तिथे थांबायचं आहे. उपासनेला जायलाच हवं, त्यात तडजोड नको. पण तू बदलून घेतोस तेव्हा रविवारची सकाळ कोण भरतं? त्यालाही घर आहे, रविवारी त्याच्या मुलांची शाळा बंद असते. दीड वर्षांत किती वेळा घेतलीस आणि किती वेळा परत केलीस? वही घेऊन बस आणि नावानिशी लिहून काढ. लीडर झाल्यावर माणसं नाही म्हणायची थांबतात, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळे खुशीने देतात. खुपतंय त्यांचं कारण तुझा देव नसेल, तुझी उधारी असेल. ती फेडली आणि तरीही कुणाला खुपलं, तर मग ते सोसायचं.

कामातलंही एक विचारते. रिजेक्शन वाढलं की संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये तू काय लिहितोस? पंधरा पीस बाद झाले तर पंधराच लिहितोस, की पाच पुढच्या शिफ्टच्या नावावर ढकलतोस? साहेबांनी विचारलं, चूक कुणाची, तर ट्रेनीचं नाव सांगतोस, की माझं सेटिंग बघायचं राहिलं म्हणतोस? पत्रात तू याविषयी काही लिहिलं नाहीस, कदाचित तुला ते धर्माचं वाटलं नसेल. तुझी अकरा माणसं तुझं वचन वाचत नाहीत, पण तो रिपोर्ट रोज वाचतात, कारण त्यांचा इन्सेंटिव्ह त्यावर असतो.

'नमुना' हा शब्द तू क्वालिटीतून उचललास. तिथे सॅम्पल पीस नापास झाला की सगळा लॉट थांबतो. बाळा, येशूचा लॉट तुझ्यावर थांबत नाही. तू एवढा मोठा नाहीस, मीही नाही. ज्याला त्याच्याकडे जायचं आहे त्याला तो तुला वळसा घालूनही वाट दाखवेल. ही भीती रोज उराशी घेऊन कामावर गेलास तर तू सतत स्वतःकडेच बघत राहशील, मी कसा दिसतो, आता काय वाटलं असेल, आणि समोरचे अण्णा तुला दिसणारच नाहीत. पौल म्हणतो तुम्ही ख्रिस्ताचं पत्र आहात. पत्रात खाडाखोड असते, शाई फुटलेली असते, तरी वाचणाऱ्याला मजकूर कळतो.

अण्णा लगेच टेबलावर परत येतील असं धरून चालू नकोस. नुसतं "असू दे" म्हणतील, कदाचित तेवढंही नाही. तरी रोज सकाळी नमस्कार कर, त्यांच्या मुलाबाळांची विचारपूस कर, आणि तुझा डबा उघडताना एकदा त्यांच्याकडे बघून "या अण्णा" म्हण. नाताळात नेहमीप्रमाणे सगळ्या लाइनला करंज्या-शंकरपाळ्या ने, त्यांच्या वाट्याचाही एक डबा भर. पण तो नाताळचा म्हणून दे, माफीशी त्याची गाठ बांधू नकोस.

आता दिवाळी तोंडावर आली आहे. नाताळाला आणि उत्तम शुक्रवारी सुट्टी तुला लागते, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरी असणं अण्णांना लागतं. शिफ्टचा तक्ता तूच करतोस ना? लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सेकंड शिफ्टला तुझं नाव घाल, भाऊबीजेलाही जमलं तर घाल. आणि तक्ता बोर्डवर लावायच्या आधी अण्णांना दाखव, त्यांना अजून काही बदल हवा असेल तर.

तुझी,
मावशी